कैरोचा आवाज

“साहेब, भात वाढू?”

शकुंतलेने विचारले, आणि अनंताचा हात ताटावर तसाच थांबला... साताऱ्याच्या सुभेदार हंबीररावांच्या घरची ती पंगत, कैरोहून परतलेल्या या रेडिओवाल्याच्या मानासाठी मांडलेली. शकुंतला तिथली स्वयंपाकीण. ती त्याची सख्खी वहिनी आहे, हे त्या दोघांखेरीज कुणालाच ठाऊक नव्हते.

पोरक्या अनंताला तिनेच वाढवले. नवरा हरी गेल्यावर सांगलीचे बिऱ्हाड मोडून ती साताऱ्यात परक्या चुलींपाशी राबली, ती दिराचे शिक्षण अडू नये म्हणून. पुढे त्याचा गोड आवाजच त्याला महायुद्धात कैरोला घेऊन गेला. तिथल्या रेडिओवरून तो मराठी पलटणींसाठी गाण्यांच्या तबकड्या लावी, एकेका जवानाचे आणि त्याच्या गावाचे नाव घेऊन मायेने बोले. वहिनीची विचारपूस मात्र त्याने कधीच सोडून दिली होती. ती आता कुणाच्या घरी आहे, हेही त्याला माहीत नव्हते. हंबीररावांचा मुलगा नाथाजी तिकडेच पलटणीत होता, म्हणून सारे घर रेडिओभोवती बसे, आणि शकुंतला दाराआडून ऐके.

एका संध्याकाळी अनंत रेडिओवर आपल्या घराविषयी बोलला. वडील वकील, सांगलीला नदीकाठी बंगला, वहिनी मोठ्या घरची... पोळी लाटणारे तिचे हात थिजले. माझी लाज वाटते याला! तेवढ्यात हंबीररावांनी सहज विचारले, “बाई, तुमी बी सांगलीच्याच. वळखता का ह्यास्नी?” तिने मान खाली घालून नाही म्हटले. त्या खोट्याची शरम ती तेव्हापासून उरात वागवत होती. पण त्याची अब्रू तिने जाऊ दिली नाही.

आणि आजही ती त्याला साहेब म्हणत होती, त्याच्याचसाठी...

अनंत उठला. उष्ट्या हातानेच त्याने तिच्या पायांवर डोके ठेवले.

“सुभेदारसाहेब, तो बंगला खोटा,” देशोदेशी पोचलेल्या त्या आवाजात तो म्हणाला. “ही माझी वहिनी. हिच्या कष्टांवर मी शिकलो, आणि तेच सांगायची मला लाज वाटली.”

हंबीररावांनी हातातला घास खाली ठेवला. “आवं बाई, मग तवा न्हाई का म्हनला?”

तिने पदर डोळ्यांना लावला.

“ऊठ, अनंता,” ती हलकेच म्हणाली. “भरल्या पानावरून असं उठू नये.”

तो पाटावर बसला, आणि मान वर न करताच त्याने भातासाठी ताट पुढे सरकवले.