अवेळी पडलेला टोल

तव्यावरची भाकरी करपत होती आणि रतनअक्काचं तिकडे लक्षच नव्हतं!

"काय म्हणालास, राधू? पुन्हा बोल…"

पाटावर बसलेल्या धाकट्या भावाने, राधाकृष्णाने, ताटातून मान वर केली नाही. "गौहरचं नाव शाळेतून काढलं. हेडमास्तर मी आहे, अक्का. तुझ्या शाळेतली थेरं पाचवीत चालायची नाहीत."

थेरं! अक्काच्या काळजात तो शब्द रुतला. ज्याच्यासाठी तिने सोनईचं ठरलेलं स्थळ परत पाठवलं, आबा गेल्यावर मास्तरीण होऊन ज्याला लहानाचा मोठा केला, त्याच्याच तोंडून…! प्रवरेकाठच्या त्या गावातली चौथीपर्यंतची शाळा अक्काची. तिथे छडी नव्हती. पोरं नदीवर जाऊन भूगोल शिकत, बांधावर दोरी टाकून गणित करत, आणि बाईंची चूक जो पकडेल त्याला केवढा मान… कडुलिंबाला टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर टोल द्यायचा! अक्का कधीकधी मुद्दाम चुकायची. राधूनेही लहानपणी हा टोल दिला होता. गाव मात्र म्हणायचं, ही लाडावलेली पोरं हायस्कुलात टिकायची न्हाईत. तेव्हा नव्या हायस्कुलाचा हेडमास्तर झालेल्या राधूने तिचे पाय धरून शब्द दिला होता, "अक्का, तुझी चौथी संपेल तिथूनच माझी पाचवी सुरू होईल!" त्या शब्दावर विसंबून तिने बाबाजान नालबंदाला गळ घातली आणि त्यांची मुलगी गौहर पाचवीत गेली.

आणि काल हे असं झालं. वर्गात संस्थेचे आप्पासाहेब येऊन बसलेले. शिकवता शिकवता राधू बोलून गेला, की प्रवरा पैठणला गोदावरीला मिळते. गौहर उठून म्हणाली, "सर, चुकलं! प्रवरासंगमाला मिळते. आमी बाईंसंगं गेल्तो." एवढ्यावर थांबती तर निभावलं असतं. पण पोर सवयीने सरळ बाहेर गेली आणि तिने टोल ठोकला! बाकीच्या वर्गांना काय ठाऊक? शाळा सुटली समजून सगळे दप्तरं उचलून पळाले, आणि आप्पासाहेब रिकाम्या बाकांकडे बघत बसले.

"मारलंस तिला?"

"हातावर छड्या दिल्या. माझी लाज गेली, अक्का! आप्पासाहेब म्हणाले, हे कुणी शिकवलं? मी सांगितलं, बहिणीच्या शाळेची खोड आहे, माझा त्याच्याशी संबंध नाही."

"संबंध नाही…" अक्काचे डोळे भरून आले. "आणि संगम रे? आबांची राख आपण कुठं सोडली? माझा पदर धरून रडला होतास तिथं… तेही विसरलास?"

"विसरलो नाही! जीभ घसरली. पण चारचौघांत हेडमास्तरानं चूक कबूल करायची असते का?"

"तू जिथं शिकलास तिथं असते." तिने तवा खाली उतरवला. "आजपासून माझ्या हातची भाकरी तुझ्या ताटात पडायची नाही."

ती तडक बाबाजानकडे गेली. आडव्या पाडलेल्या बैलाला ते नाल ठोकत होते.

"बाबाजान, मी बोलते राधूशी. पोरीला घरी बसवू नका."

"न्हाई, बाई. पोरीच्या जातीला हायस्कूल कशाला, म्हनत हुते समदे. तुमच्या शब्दावर धाडली. आता तुमचा भाऊच न्हाई म्हनतो, मंग कुनाच्या शब्दावर धाडू?"

दाराआडून गौहरने विचारलं, "बाई, सर चुकले न्हवते का?"

"चुकले होते, बाळ."

"मंग मला का मारलं?"

अक्काने तिचा वळ उठलेला हात हातात घेतला आणि सोडला. तशीच ती शाळेत आली आणि फळ्यावर तिने मुद्दाम चुकीची बेरीज लिहिली. पोरांनी ती पाहिली… एकमेकांकडे पाहिलं… आणि माना खाली घातल्या!

"कानिफनाथ, बरोबर आहे का रे हे?"

"चुकलंय, बाई," तो हळूच म्हणाला. "पन आमी फुडच्या साली हायस्कुलात जानार. ही सवय मोड, म्हनली आय."

अक्काने फळ्याकडे वळून ती बेरीज पुसून टाकली. परक्याने घात केला असता तर सोसला असता. हा तर आपल्या पोटाला चिमटा घेऊन वाढवलेला भाऊ!

त्यानंतर बहीणभाऊ एका घरात राहिले, पण चुली दोन झाल्या. राधूच्या चुलीवर बहुधा चहाच व्हायचा. अक्काला ते दिसायचं, तरी ती त्याला भाकरी वाढायला उठली नाही.

आणि एके दुपारी, भर तासाला, हायस्कुलाचा टोल वाजला.

"बाई! कुनीतरी चूक धरली!" कानिफनाथ ओरडला.

अक्का अनवाणीच धावली. समोरून पोरांचा लोंढा घराकडे निघाला होता. टोलापाशी गौहर उभी होती, दोन्ही हातांनी हातोडी धरून. भिंतीला टेकून बाबाजान डोळे पुसत होते, आणि राधू… तो अक्काकडे बघू शकत नव्हता.

"काल वर्गात मुद्दाम चुकलो, अक्का. तुझ्यासारखा. कुणीच बोललं नाही गं! दिसत होतं पोरांना, तरी मुकाट लिहून घेत होती. मला भीती वाटली… मग बाबाजानच्या दारात गेलो. आज सगळ्या वर्गासमोर गौहरची माफी मागितली आणि टोलाची हातोडी तिच्या हातात दिली."

"आणि आप्पासाहेब?"

"त्यांनाही सांगितलं, ती शाळा माझ्या बहिणीची आणि मी तिथला विद्यार्थी. आता ठेवतील तर ठेवतील." तो तिच्या पायांशी वाकला. "अक्का… माझं चुकलं."

तिला वाटलं, त्याला पोटाशी धरावं. पण गौहर दोघांकडे टक लावून बघत होती.

"संध्याकाळी माझ्या चुलीपाशी ये जेवायला," अक्का डोळ्यांना पदर लावत म्हणाली. "गौहरला घेऊन ये. पहिली भाकरी तिला वाढीन… मग तुला."