पालथा मोआई

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण हे घडलेलं आहे. रेंगा माझी सख्खी मावसबहीण. हे सांगताना तिचा आवाज इतका खाली गेला होता की मला पुढे सरकून ऐकावं लागलं.

आणि हे रात्री घडलं नाही.

ऐन उन्हाळ्यातल्या एका लख्ख दुपारी घडलं. रापा नुई बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, रेंगाच्या आईच्या जमिनीत.

तिथे समुद्राच्या कडेला एक मोआई, अजस्र दगडी पुतळा, पडलेला होता. पालथा. तोंड मातीत. रेंगाच्या घराण्याचा पूर्वज. जुन्या लढायांत शत्रूने दोर बांधून त्याला पाडला होता.

पाडणारं घराणं तावाकेचं.

आणि तावाके म्हणजे रेंगाचा नवरा.

दोघांनी त्या जमिनीवर पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या होत्या. पाहुणे काही फिरकत नव्हते. तावाकेच्या डोक्यात आलं, मोआई उभा केला तर लोक धावत येतील.

"हात लावू नकोस त्याला," नुआ म्हणाली. नुआ म्हणजे रेंगाची आई. "तो उभा होता तेव्हा त्याची नजर आमच्यावर असायची. आम्हाला सांभाळायची. तुझ्या लोकांना नाही."

"अहो नुआ, किती वर्षं पालथे पडलेत आजोबा! पाठ अवघडली असेल त्यांची."

"थट्टा करतोस? निदान आधी पांढरा कोंबडा भाज. भट्टीचा पहिला धूर त्यांना दे. परवानगी माग."

"पाहुणे आले की भाजू. तंगडी तुम्हाला."

नुआ उठून निघून गेली.

तावाकेने मित्र जमवले, ट्रॅक्टर आणला, ओंडके लावले, दोर ताणले. संध्याकाळपर्यंत मोआई उभा राहिला. समुद्राकडे पाठ. घराकडे तोंड.

त्याच्याखालच्या मातीत एक किडा नव्हता. एक मूळ नव्हतं.

पाठ पावसावाऱ्याने पार झिजलेली. पण चेहरा...

चेहरा काल कोरल्यासारखा. ओठ आवळलेले. डोळ्यांच्या खोबण्या रिकाम्या.

दुसऱ्या दिवशी रेंगा त्या बाजूला कपडे वाळत घालायला गेली. चादर झटकली आणि थबकली.

चादरीचा आवाज आला नाही.

तिने समुद्राकडे पाहिलं. मोठी लाट खडकावर आपटली. पांढरा फेस उडाला...

आवाज नाही.

ती दोन पावलं मागे आली. लाटांचा धडाडा पुन्हा कानावर आला. पुढे गेली... पुन्हा काही नाही.

ती मुकी जागा रोज थोडी वाढत गेली. घराकडे. कोंबड्या तिकडे जाईनात. कुत्रा एका सकाळी उठला आणि गावाच्या दिशेने चालता झाला. हाका मारल्या तरी वळून पाहिलं नाही त्याने.

तावाके मात्र दिवसभर त्या मूर्तीपाशीच. जेवायला बोलावलं तरी येईना. मग तो समुद्रात बुड्या मारायला लागला. मासे आणायचा नाही. पांढरं पोवळं आणायचा. आणि घरामागे बसून घासायचा... घासायचा.

"काय चाललंय तुझं?" रेंगाने विचारलं.

"त्याला दिसत नाही."

"कोणाला?"

तावाकेने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तीच वेडी आहे.

"सारखं सांगतोय तो. तुला ऐकू येत नाही?"

"मला तिथे काहीच ऐकू येत नाही, तावाके!"

"मला येतं," तो म्हणाला. "आता त्याचंच येतं."

रेंगा तशीच आईकडे पळाली. पोवळ्याचं नाव काढताच नुआचा चेहरा उतरला.

"डोळे बसवतोय तो! अगं, डोळे बसले की मोआई जागा होतो. आणि समोर कोण दिसेल त्याला? ज्यांनी पाडलं त्यांचाच पोरगा!"

दोघी पोचल्या तेव्हा तावाके शिडीवर होता. ऊन रणरणत होतं. मूर्तीचा उजवा डोळा बसलेला. पांढराशुभ्र. मधोमध लाल दगडाचं बुबुळ.

डावा त्याच्या हातात होता.

रेंगा जिवाच्या आकांताने ओरडली...

तोंडातून आवाज फुटला नाही.

शेजारी नुआचंही तोंड उघडं होतं. मान ताठलेली, शिरा तटतटलेल्या. आवाज नाही. वारा नाही. समुद्र नाही.

रेंगाने धावत जाऊन शिडी ओढली. तावाके खाली आला. हातातला डोळा खडकावर पडून फुटला.

त्याच क्षणी सगळं परतलं. लाटा. वारा. आणि तावाकेची किंकाळी.

जणू तो केव्हापासून ओरडत होता आणि ते आत्ता ऐकू येत होतं.

त्याने उजवा डोळा घट्ट दाबून धरला होता.

त्याच दिवशी नुआने भावकीतली माणसं बोलावली. त्यांनी दोर लावून मोआई परत पालथा पाडला. बसवलेला डोळा काढून घ्यायला कोणी पुढे झालं नाही. तो तसाच मातीत गेला.

रेंगा आणि तावाके हांगा रोआ गावात राहायला आले. तावाके सावरला. बोलू-हसू लागला. उजव्या डोळ्याने मात्र दिसेना. समुद्रापार सान्तियागोला नेलं. डॉक्टर म्हणाले, डोळा ठणठणीत आहे.

"काहीच दिसत नाही का रे?" रेंगाने एकदा विचारलं.

"दिसतं ना. माती. डोळ्याला चिकटलेली, काळी, ओली माती. पापणी मिटली तरी दिसते."

तिने पुन्हा विचारलं नाही.

गेल्या महिन्यात जेवता जेवता तो थांबला. रताळ्याचा घास हातातच राहिला.

"रेंगा... कडेने उजेड येतोय."

मग एक दिवस म्हणाला, गवत दिसतंय. मग म्हणाला, रस्ता.

तिकडे जाऊन बघायची आमच्यात कोणाची छाती झाली नाही. नुआ तर त्या दिशेला तोंडही करत नाही.

काल दुपारी रेंगाचा फोन आला.

"तावाके म्हणतो, त्याला घर दिसतंय. खिडकी दिसतेय. खिडकीतली बाई दिसतेय."

"कुठलं घर? किनाऱ्यावरचं?" मी विचारलं.



"नाही," ती म्हणाली. "हे, गावातलं. आणि मी आत्ता खिडकीत उभी आहे."