बिनरेघेची गोळी

दशरथरावांची हृदयाची गोळी हिराबाई रोज सकाळी सात वाजता अर्धी करत. डॉक्टरांनी अर्धीच सांगितली होती. गोळीवर मधोमध रेघ असायची. अंगठ्याने दाबलं की टचकन दोन तुकडे. मग घड्याळाकडे बघत त्या नवऱ्याची नाडी मोजत. बासष्ट. चार वर्षं बासष्ट. हडपसरच्या कारखान्यातून रिटायर झालेल्या माणसात एवढीच एक शिस्त उरलीय, असं त्या म्हणत.

मग पूर्वाने, त्यांच्या लेकीने, दुसऱ्या कंपनीच्या पट्ट्या आणल्या. आयटीतल्या पोरी सगळं इंटरनेटवर बघतात. औषध तेच, नुसत्या नावाचे पैसे कशाला द्यायचे, असं तिचं म्हणणं. हिराबाईंना पटलं. फक्त या गोळीवर रेघ नव्हती आणि अंगठ्याला ती दाद देईना. त्यांनी सासूबाईंचा अडकित्ता काढला, कढत पाण्यानं धुतला आणि गोळी कातरली.

सोमवारी चहा पिता पिता दशरथरावांनी विचारलं, कुकरची शिट्टी सापडली का. कुकर अजून घासायचाच होता. संध्याकाळी शिट्टी उडून ओट्यामागे पडली. हिराबाई हसत सांगायला गेल्या, तर ते खुर्चीत बसलेले, डोळे उघडे, बंद टीव्हीच्या काचेसारखे.

मंगळवारी सकाळी म्हणाले, मालनबाईंना चहा दे. वरच्या मजल्यावरच्या मालनबाई आल्या त्या दिवेलागणीला, गुडघे धरत. बुधवारीही तेच. दहा वाजेपर्यंत दिवसभराचं बोलून टाकायचे, मग नुसते बसून. नाडी सकाळी अठ्ठेचाळीस, संध्याकाळी शंभरावर.

गुरुवारी ते हळू आवाजात बोलले. "लाइट गेली." थोड्या वेळाने, "पूर्वाला उशीर होणार." मग दाराकडे बघून, परक्या माणसांशी बोलावं तसं आदबीनं, "एकच चप्पल आणलीत? दुसरी कुठं राहिली?"

हिराबाई दाराशी गेल्या. दोघांचे जोड जागच्या जागी होते.

दुपारी त्या सिंहगड रोड ओलांडून महिपतीच्या औषधांच्या दुकानात गेल्या. सकाळचं बोलणं त्यांनी सांगितलं नाही. फक्त नाडीचं सांगितलं, आणि अडकित्त्याचं.

"बाई, ही गोळी आहे, सुपारी नव्हे," महिपती म्हणाला. "जुनीत बारीक दाणे असतात, अर्धी केली तरी चालते. ही अख्खीच गिळायची. दिवसभर हळूहळू सुटायला बनवलेली असते. तोडली की सगळं एकदम बाहेर."

"सगळं म्हणजे?"

"औषध. दुसरं काय?"

दुकानातली जुनी गोळी संपली होती. माल सहानंतर येणार होता. त्यानं बजावलं, उद्या ही तोडून देऊ नका, अख्खी दिली तर डोस दुप्पट होईल, पण गोळी चुकवूही नका. एकदम बंद केली तर हृदय बिथरतं.

सहाला धायरीतली लाइट गेली.

अंधारात फोन वाजला. पूर्वाला उशीर होणार होता. हिराबाई रिसीव्हर ठेवायच्या विसरल्या.

पूर्वा येईपर्यंत दुकान बंद झालं असतं. मालनबाईंना जिनाच उतरवत नव्हता. आणि उद्या सकाळी सात वाजणारच होते.

मेणबत्तीच्या उजेडात त्यांनी आपल्या चपला उलट्या करून बघितल्या. अंगठे घट्ट होते. तरी दोन्हींना पिना टोचल्या.

"आलेच हं," त्या म्हणाल्या.

दशरथरावांचं आजचं सगळं बोलून झालं होतं.

दुकानात माल आला होता. हिराबाईंनी पट्टी मुठीत धरली, अंगठ्यानं एक गोळी चाचपली. रेघ होती.

रस्त्यावरचे दिवेही गेले होते. गाड्यांमध्ये फट दिसली तशा त्या निघाल्या. अर्धा रस्ता झाला.

पिन सुटल्याचा आवाज येत नाही.

उजव्या अनवाणी तळपायाला डांबर लागलं, दिवसभराच्या उन्हानं अजून कोमट.