दोन चित्रांमधली गिरिजा

फुटबॉल स्पर्धा समितीच्या साहेबांनो, तुम्ही एका यंत्राला खोटं बोलायला लावलंत. कसं, ते मी मुलांना सांगतो. तुम्हीही ऐका.

साल २०४१. कोल्हापुरात मुलींच्या फुटबॉलची उपांत्य फेरी. बरोबरी चालू असताना अगदी शेवटी गिरिजा साळोखेनं गोल मारला. तिच्या तालमीची (कोल्हापुरात फुटबॉलचे संघ तालमींचे असतात) माणसं हलगी बडवत उठली, तेवढ्यात 'पारखी' या पंच-रोबोनं हात वर केला. ऑफसाइड (सहकाऱ्याचा पाय चेंडूला लागतो त्या क्षणी समोरच्या संघाच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या पुढे असणं). किती पुढे? तीन सेंटिमीटर. गोल गेला, आणि टायब्रेकरमध्ये सामनाही.

तालमीनं अपील केलं. सुनावणी संध्याकाळी होती. गोल मिळाला तर अंतिम फेरी, नाहीतर घर.

गिरिजाची आत्या वसुधा विजांचा अभ्यास करायची. लखकन चमकून जाणारी वीज टिपणारे कॅमेरे ती स्वतः बनवायची. तिनं पारखीला पुरावा घेऊन कार्यशाळेत बोलावलं. डोळे आहेत का नुसती बटणं लावलीत, असं गिरिजानं त्याला आल्या आल्या विचारून घेतलं.

पारखीनं भिंतीवर दोन फ्रेम (कॅमेऱ्यानं टिपलेली स्थिर चित्रं) दाखवल्या. पहिलीत चेंडू पास देणारीच्या बुटाला अजून टेकायचा होता आणि गिरिजा अकरा सेंटिमीटर मागे होती. लगेच पुढच्या फ्रेममध्ये चेंडू बुटाला चिकटलेला, आणि गिरिजा तीन सेंटिमीटर पुढे.

"मग चेंडू बुटाला लागला तो क्षण कुठाय?" गिरिजानं विचारलं.

"मधे," आत्या म्हणाली. "जिथं चित्रच नाही तिथं."

मग तिनं समजावलं. मैदानावरचा कॅमेरा सेकंदाला पन्नास चित्रं काढतो. दोन चित्रांमधल्या वेळात तो आंधळा असतो. तेवढ्यात पळणारी गिरिजा चौदा सेंटिमीटर सरकते. आणि प्रकाश? तो तेवढ्यात सहा हजार किलोमीटर जातो.

आत्यानं वीज टिपणारा कॅमेरा लावून गिरिजाला एक किक मारायला सांगितली. पडद्यावर चेंडू सावकाश आला, कणकेच्या गोळ्यासारखा बुटावर चपटा झाला, थरथरला, पुन्हा गोल होऊन निघाला. डोळ्याची पापणी लवण्याआधी एवढं सगळं घडतं! आपण रोज याला लाथ मारतो आणि कधी बघितलंच नाही, असं तिला वाटलं.

आत्या पारखीकडे वळली. "चेंडू लागला तेव्हा ही नेमकी कुठं होती?"

"माहीत नाही," पारखी म्हणाला. "पण निकालात हे उत्तर द्यायची मला परवानगी नाही."

संध्याकाळी आत्यानं समितीपुढे उपाय मांडला. चेंडूत सेन्सर (स्पर्श ओळखणारं उपकरण) बसवा. तो सेकंदाला पाचशे वेळा तपासतो, म्हणजे चूक दीड सेंटिमीटरच्या आत येते. आणि त्याहूनही बारीक फरक असेल, तर यंत्राला खरं बोलू द्या.

अध्यक्षांना उपाय पटला. पुढच्या वर्षी बघू म्हणाले. या गोलाचं मात्र काही होणार नाही, यंत्र चुकत नसतंय पोरी, असंही म्हणाले.

गिरिजा उभी राहिली.

"नवा चेंडू आणाच साहेब, मी त्यानंच खेळणाराय. पण त्या क्षणी मी कुठं होते ते कॅमेऱ्याला दिसलं नाही, पारखीला माहीत नाही. मग तुम्हाला कुठनं कळलं?"