शून्य मिलिमीटर

बसा जवळ, पण दाराच्या वाटेत नको. वीज यायला अजून तासभर तरी जाईल, तोवर सांगतो. मधे प्रश्न विचारायचे नाहीत, आणि हसू आलं तर आत्ताच हसून घ्या.

हे ज्याच्या बाबतीत घडलं त्याला सगळे मिलिमीटर म्हणायचे. डोंगरमाथ्याजवळ हवामानाचं दोन खोल्यांचं केंद्र होतं, तिथे पाऊस मोजायची त्याची नोकरी. सव्वीस वर्षं तेच केल्यामुळे सवयच लागली होती. चहा कपात जरा कमी आला की बायकोला म्हणायचा, आज दोन मिलिमीटर तूट आहे. ती म्हणायची, दूध आणलंत तेव्हाच तूट होती. मी तेव्हा खाली बंधाऱ्यावर गेटवाला. आम्ही दोघं फोनच्या तारेची दोन टोकं. रात्रपाळीला एकमेकांचं डोकं खायला दुसरं होतंच कोण?

काम साधं होतं. अंगणात तारेचं कुंपण, कुंपणाला कडीचं फाटक, आत पत्र्याचं एक नळकांडं. वर नरसाळं, खाली बाटली. बाटलीत साठलेलं पाणी काचेच्या मोजपात्रात ओतायचं, आकडा वाचायचा, मला कळवायचा. पाऊस जोराचा असला की दर तासाला. आकडा पन्नासच्या वर गेला की मी भोंगा वाजवायचा, आणि खालच्या ओढ्याकाठच्या गल्लीने उठून टेकडीवरच्या शाळेत जायचं.

आदल्या वर्षी या पठ्ठ्याने गोंधळ घातला होता. भिजायचा कंटाळा. पांघरुणातूनच पत्र्यावरचा आवाज ऐकला आणि ठोकून दिला आकडा, साठ. मी भोंगा वाजवला. गल्ली अंधारात धावत सुटली, एका म्हाताऱ्याचं खुब्याचं हाड मोडलं, आणि ओढ्याला घोटाभरसुद्धा पाणी आलं नाही. साहेबांनी आम्हा दोघांची बिनपाण्याने केली. मोजपात्रात दिसेल तेच सांगायचं आणि आकड्याशिवाय भोंगा वाजवायचा नाही, असं लेखी दिलं. पुन्हा चुकलात तर घरी बसा, हेही लिहिलं.

तर, उन्हाळ्याचा शेवटचा आठवडा. गुरुवार. दुपारी मिलिमीटर खालच्या गल्लीत लेकीकडे मच्छरदाणी द्यायला गेला. लेकीचं बाळ बारा दिवसांचं होतं, बायकोही तिथेच होती. दीड महिना पावसाचं नाव नव्हतं. घरं इतकी तापायची की गल्लीतली माणसं ओढ्याच्या कोरड्या पात्रात खाटा टाकून झोपायची. लेकीने मच्छरदाणीही तिथल्याच खाटेला बांधली.

"आज आत झोप गं," तो म्हणाला. "वर ढग उतरलेत."

"रोजच उतरतात बाबा. आत भट्टी आहे, पोराला घामोळं आलंय."

तो सातला माथ्यावर पोचला. बाटली पुसून नळकांड्यात ठेवली, भाकरी खाल्ली. नऊला आभाळ फुटलं.

माथ्यावर, बरं का. खाली थेंब नाही. बंधाऱ्यावरून मला चांदण्या दिसत होत्या, आणि डोंगराचं डोकं मात्र काळं, आत सारखी वीज. पहिल्या अर्ध्या तासातच मोबाइलचा टॉवर गेला. आमची तार तेवढी शाबूत होती.

दहाला फोन आला.

"शून्य," तो म्हणाला.

"झोपेत आहेस का? मला इथे गडगडाट ऐकू येतोय."

"चिंब भिजून आलोय. बाटली रिकामी आहे. नरसाळ्यात पान अडकलं असेल, साफ केलंय. अकराला सांगतो."

तो तास मी उभ्यानेच काढला. पाणी वरून बंधाऱ्यापर्यंत यायला दोन-अडीच तास लागतात. आलं की माझी गेटं काही ते थोपवणार नव्हती. गल्ली माझ्यापासून चार किलोमीटर खाली, जागा सोडायची सोय नाही. भोंग्याच्या बटणाकडे बघत होतो. सरळ दाबावं असं दहादा वाटलं. दाबलं नाही. नोकरीपायी घाबरलो, उगाच खोटं कशाला बोलू?

अकराला तो पुन्हा बाहेर पडला. पाऊस असा की बॅटरीचा उजेड तीन पावलांपुढे जात नव्हता. बाटली उचलली. रिकामी. नुसती रिकामी नाही, कोरडी. आत बोट घातलं, तर बोटाचीच ओल सुकली. बाटली परत ठेवली आणि तो तिथेच उकिडवा बसला. नरसाळ्यात पाणी पडताना दिसत होतं. खाली उतरताना दिसत होतं.

मग त्याला आवाज ऐकू आला. नळकांड्याच्या आतून.

घट... घट... घट.

कुणी तरी पीत होतं.

तो आत पळाला. दार लावलं. मला फोन केला.

"आकडा सांग," मी म्हणालो.

"...शून्य."

"अरे, तुझी लेक पात्रात झोपलीये."

"माहितीये मला. खोटा सांगू? तू म्हण, सांगतो."

माझं बोट बटणापर्यंत गेलं आणि परत आलं. मग त्याने फोन ठेवला नाही, टेबलावर नुसता टाकला. पुढचं अर्धं मी त्या तारेतून ऐकलंय, अर्धं त्याने नंतर सांगितलंय.

आता एक सांगायला हवं. आठ दिवसांपूर्वी एक म्हातारी भर उन्हात डोंगर चढून आली होती. पलीकडच्या उतारावर तिची लेक राहायची. संध्याकाळी ती केंद्राच्या कुंपणाला टेकून बसलेली सापडली. ओठ चिरलेले. डॉक्टर म्हणाले, उन्हाने गेली. हे सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांना माहीत नव्हतं ते एवढंच, की त्या दुपारी फाटकाची कडी वाजली होती. तीनदा. मिलिमीटर पंख्याखाली पडला होता. पिंपात पाणी वीतभर उरलेलं, टँकरचा पत्ता नाही, आणि वाटेने जाणारा येणारा प्रत्येक जण तांब्या मागायचा. तो डोळे मिटून पडून राहिला. कडी थांबली. त्याला बरं वाटलं.

आणि आता, अकरा वाजून पाच मिनिटांनी, कडी वाजली.

मी ऐकली. तारेतून. इतक्या पावसात ऐकू यायला नको होती.

पुन्हा.

तो दाराशी उभा. हात दारावर. आतून कडी घालून सकाळपर्यंत बसता आलं असतं... खाली बाळ होतं.

तिसऱ्यांदा.

त्याने पिंपात तांब्या बुडवला. काठोकाठ भरला. दार उघडलं. अंगणातून चालला. बॅटरी नेली नाही, दोन्ही हात तांब्याला. फाटकापाशी कोणी दिसलं नाही. पाऊस सगळीकडे पडत होता, फाटकाच्या पलीकडे हातभर जागेत पडत नव्हता. तिथली माती पांढरी होती. भेगा पडलेली.

"मावशी," तो म्हणाला.

तो आणखी एक पाऊल पुढे सरकला.

"मावशी... मी जागा होतो त्या दिवशी."

हे मीही ऐकलं, पोरांनो. तो ओरडून बोलला नव्हता.

त्याने तांब्या त्या जागेवर ठेवला. मागे सरला. वळला नाही, उलट्या पावलांनी सरकत आला. तांब्यातलं पाणी खाली जाताना त्याला विजेच्या उजेडात दिसलं. एकदा अर्ध्यावर. पुढच्या विजेला... तांब्या दिसला नाही.

आणि मागे नळकांड्यात बाटली भरायला लागली. साधा आवाज, बाटली भरण्याचा. दहा मिनिटांत ती तोंडापर्यंत आली. त्याने मोजपात्रात ओतली, पुन्हा पुन्हा ओतली, आणि धावत येऊन फोन उचलला.

"चौसष्ट."

मी भोंगा दाबला तेव्हा अकरा वीस झाले होते. दाबून धरला, बोट दुखेपर्यंत. गल्लीतली माणसं शिव्या घालत उठली, मागच्या वर्षीची आठवण काढत उठली, पण उठली. बाराच्या आत ओढा खाटांवरून गेला. शाळेत माणसं मोजली, एकही कमी नव्हतं. मिलिमीटरची लेक पोराला ओढणीत गुंडाळून जिन्यात बसली होती. मच्छरदाणी गेली, तिच्यासाठी रडत होती म्हणे. असं होतं माणसाचं.

पहाटे तीनला पाऊस थांबला. उजाडता उजाडता मी डोंगर चढून वर गेलो, त्याला सांगायला. झाडं गळत होती, वाटेवर पाण्याचे पाट, माझे बूट भरलेले. तो पायरीवर बसला होता. लेक बरी आहे म्हणालो, तर मान हलवली. मग कुंपणाकडे बोट दाखवलं.

फाटकाच्या खांबावर तांब्या पालथा घातलेला होता. घासूनपुसून, आपण मागून आणलेलं भांडं परत देताना ठेवतो तसा.

"आत तरी घे," मी म्हणालो आणि उचलायला गेलो.

हात भाजला. बोटांना फोड आले. ऐन दुपारी उन्हात ठेवल्यासारखा तापला होता तो, आणि अजून सूर्यही वर आला नव्हता. मी खाली टाकला, तो चिखलात पडला.

चर्र झालं.