गच्चीवरचा पांढरा पाइप

भुताचं नंतर. आधी महेबूबचा फायदा बघू.

फुकटचा दगड. एवढाच.

गोष्ट खरी आहे. ज्याला खोटी वाटेल त्यानं लातूरला शिकवणी वर्गांच्या मागच्या गल्लीत जावं. गच्चीवर तो पांढरा पाइप अजून उभा आहे. रात्र नाही, अमावास्या नाही. जे घडलं ते भर दुपारी घडलं.

त्र्याण्णवला पहाटेच्या अंधारात भूकंप झाला, त्यानंतर महेबूबचा टेम्पो पडलेल्या गावांतला मलबा वाहायचा. एका गावात घरांच्या दगडांचे ढीग पडले होते, पण त्यांना कुणी हात लावीना. ज्या भिंतीखाली माणूस गेलं, तिचा दगड आपल्या घराला कोण लावणार? एक म्हातारा टेम्पोला आडवा आला.

"भाई, हे लांब नेऊन टाका. यात आमची माणसं हायत."

महेबूबनं लांबच नेले. लातूरला, स्वतःच्या प्लॉटवर.

पुढं गावोगावची पोरं डॉक्टर व्हायला लातुरात उतरली. महेबूबनं फरशीखाली त्या दगडांची भर घालून घर उठवलं. वरच्या खोल्या शिकणाऱ्या पोरींना दिल्या. खाली अर्धी जमिनीत गेलेली खोली, तिथं मेस. त्याची बायको शकिला सकाळपासून दिवेलागणीपर्यंत तिथं पोळ्या लाटायची. धूळ येते म्हणून महेबूबनं खिडकी विटांनी बुजवली होती.

त्या खोलीत पाल नव्हती.

डास नव्हते.

झुरळसुद्धा नाही...

"बघा, किती साफ किचन हाय!" महेबूब आलेल्या पालकांना कौतुकानं दाखवायचा.

मग नांदेडच्या विद्यापीठातून लुंबिनी मॅडम आल्या. घराघरांत रेडॉन तपासत होत्या. फिल्मचा तुकडा बसवलेला एक छोटा कप त्यांनी खोलीत टांगला आणि तीन महिन्यांनी नेला. निकाल घेऊन आल्या तेव्हा चहालाही थांबेनात.

"चाचा, हा वायू जमिनीतून, दगडातून येतो. वास नाही, रंग नाही. वर्षानुवर्षं श्वासात गेला तर फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो. इथं फारच आहे. चाची दिवसभर इथंच असतात ना?"

"हाव. पण तिला काय झालंय? पोळ्या बघा कशा फुगतात!"

"पोळ्या फुगतात, अजी," शकिला नवऱ्याला म्हणाली, "मला मात्र दम लागून राहिला."

मॅडमनी उपाय सांगितला. खिडकी उघडा. फरशीच्या फटी बुजवा. फरशीखालून गच्चीपर्यंत पाइप न्या, त्याला पंखा बसवा. खालची हवा तो वर ओढून बाहेर फेकेल.

"फक्त पंखा बंद करू नका."

महेबूबनं फटी बुजवल्या, पाइप केला. खिडकीचं उद्यावर गेलं.

दुसऱ्याच दुपारी शकिला गच्चीवर मिरच्या वाळत घालत होती. पंखा घरघरत होता.

आणि पाइपातून...

टक. टक. टक.

दगडावर दगड वाजावा तसं.

मग एका बाईचा आवाज आला. दमलेला. तोंडात माती गेल्यासारखा.

"उजाडलं का?"

डोक्यावर ऊन रणरणत होतं.

शकिला धडपडत खाली आली. महेबूब हसला. "नवा पंखा हाय, बडबडनारच."

पण आठवड्याभरात धर्माबादची पोरगी बॅग घेऊन दारात उभी. "चाचा, पाइपात कुणीतरी रडून राहिलंय. मी न्हाई राहत इथं."

तिच्यामागं आणखी दोघी गेल्या.

महेबूबनं पंखा बंद केला. आवाज थांबला. खोल्या परत भरल्या.

"मॅडमनी चालू ठेवा म्हनलं होतं," शकिला म्हणाली.

"मॅडम येनार का रिकाम्या खोलीत राहायला?"

फेरतपासणीचा कप आला. महेबूब हुशार. तो त्यानं गच्चीवर कपड्यांच्या तारेला टांगला. मोकळ्या वाऱ्यात कसला वायू?

निकाल लागला तसा मॅडमचा फोन आला. "चाचा, कप कुठं टांगला होता?"

"खोलीतच की."

"मग त्या खोलीत माणूस ठेवू नका. पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त आलंय..."

महेबूबनं गच्चीवर जाऊन पाहिलं. मोकळं आभाळ. बंद पंखा. तार आपोआप हलत होती.

वारा नव्हता.

त्यानं पंखा लावला, हातोड्यानं खिडकीच्या विटा फोडल्या. पण तोवर खोकताना शकिलाच्या पदराला रक्त लागलं होतं.

डॉक्टरांनी विचारलं, "तंबाखू? मिश्री?"

"कधीच न्हाई."

"मग फुप्फुसाचा कॅन्सर नेमका कशानं झाला, सांगता येणार नाही."

आता पंखा अखंड चालू होता, पण पाइप गप्प. महेबूब त्याला कान लावून उभा राहायचा. काहीच नाही...

शकिलाची खाट त्यानं वरच्या मोठ्या खिडकीखाली आणली. एका दुपारी ऊन थेट तिच्या तोंडावर पडलं होतं. तिचं बोट खाटेच्या लोखंडावर वाजू लागलं.

टक. टक. टक.

"उजाडलं का?"

आवाज तिचा नव्हता.

संध्याकाळी शकिला गेली.

मेस बंद झाली. वरच्या खोल्या आजही भरतात. पाइप पुन्हा बोलतो, पण महेबूब पंखा बंद करत नाही. पोरी कानात बोळे घालून अभ्यास करतात. धर्माबादची ती पोरगी डॉक्टर झाली म्हणे.

रोज दुपारी महेबूब पाइपाशी तोंड नेऊन सांगतो, "हाव, उजाडलं."

त्याचं कुणी ऐकत नाही. खालून पुन्हा तोच प्रश्न येतो. हल्ली दोन बायका विचारतात. त्यातली एक आधी "अजी" म्हणते...

दगड फुकटच पडला होता. यात आमची माणसं हायत, असं तो म्हातारा म्हणाला होता.

आता त्यात महेबूबचंही एक आहे.