डावा खांदा आत

आधी ढकलगाडीसारखं एक यंत्र दारातून आत आलं आणि त्याच्यामागून एक माणूस. पांढऱ्या रंगाचे शिंतोडे बुटांवर, पँटवर... एक तर थेट भुवईवर.

"अहो, हे काय!" मी ओरडलेच. "चित्रं ओली आहेत!"

"ही खोली माझ्या यंत्राची होती," तो शांतपणे म्हणाला. "तुम्ही आल्यापासून बिचारं उघड्यावर पडलंय. निदान नळ तरी वापरू द्या."

स्टेडियमच्या गॅलरीखालची ही खोली मला पाच महिन्यांसाठी मिळाली होती. बारा नामवंत धावपटूंची चित्रं करायची होती, प्रवेशद्वारातल्या भिंतीसाठी. अकरा झाली होती. बारावी होती अडथळ्यांच्या शर्यतीची ती सम्राज्ञी, जिचा विक्रम एकवीस वर्षं कुणाला मोडता आला नाही. तिचं चित्र मी एका जुन्या पुस्तकातल्या फोटोवरून करत होते. आणि हा होता ट्रॅकवरचे पांढरे पट्टे आखणारा. सगळे त्याला रेघवाला म्हणायचे.

"म्हणजे तुम्हीही रंगवताच की," मी जरा नरमले.

"एकच रंग, तोही सरळ. पण हात चुकला की चारशे मीटर दिसतं."

मला हसू आलं. तो मात्र हसत नव्हता. बाराव्या चित्रापुढे जाऊन तो ते निरखत होता.

"हे उलटं आहे," तो म्हणाला.

माझा पाराच चढला. "पाच महिने त्या फोटोकडे बघतेय मी! आणि तुम्ही नळावर हात धुता धुता..."

"फोटोच आरशातल्यासारखा उलटा छापलाय. उद्या सकाळी ट्रॅकवर या, दाखवतो."

अजिबात जायचं नाही असं ठरवून मी गेले. तो मला घेऊन ट्रॅकवर निघाला तो नेमका उलट्या बाजूने. समोरून सगळे अंगावर यायला लागले. "अहो, दिसत नाही का?" एक घामाघूम गृहस्थ खेकसले.

"बघितलंत?" तो म्हणाला. "सगळ्यांचा डावा खांदा आत. ट्रॅकवर सगळे डावीकडेच वळतात."

माझ्या चित्रात ट्रॅकची आतली कड होती तिच्या उजव्या खांद्याकडे! छातीवरचा नंबर वाऱ्याने दुमडलेला, म्हणून पुस्तक छापणाऱ्यांनाही कळलं नसेल. पण माझं काय? पाच महिने माझ्या खिडकीसमोरून माणसं धावत होती आणि मी फोटोतून मान वर केली नव्हती. लाज वाटली मला.

"पण एवढं कळणार कुणाला?" मी तरी चिवटपणे विचारलं.

"तिला कळेल." तो थांबला. "माझी आई आहे ती."

मग त्याने सगळं सांगितलं. चार वर्षांपासून आईचं एकेक विसरणं सुरू झालं होतं. आधी चाव्या, मग शेजारी, मग घराचा रस्ता. सहा महिन्यांपासून तोही. "मला 'रेघवाले' म्हणते. अहोजाहो करते." तो खाली बघत म्हणाला. "चित्रांच्या अनावरणाला गर्दीत बावरेल ती. त्याआधी एकदा घेऊन येतो. स्वतःला तरी ओळखेल ना ती... बाकी काही नको मला."

बाकी सगळं हवं होतं त्याला. त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं ते.

अनावरणाला बारा दिवस होते. मी चित्र खरवडून काढलं आणि नव्याने सुरुवात केली. तो रोज दुपारी यायचा. खरा हर्डल आणून मधोमध ठेवायचा आणि त्यावर डावा पाय टाकून मूर्तीसारखा उभा राहायचा.

"पाय दुखला तर सांगा."

"तुम्ही बघताय तोवर नाही दुखत."

"मी पायाकडे बघतेय!"

"मग भुवईवरचा रंग पुसला, ते कसं कळलं तुम्हाला काल?"

मी चटकन चित्राआड तोंड लपवलं... कानशिलं गरम झाली होती. त्याचा डबा मात्र रोज संध्याकाळी तसाच भरलेला परत जायचा. "जेवत का नाही हो?" मी रागवायचे. "राहून गेलं," तो म्हणायचा. त्याच दुपारींमध्ये कधीतरी मी त्याच्या प्रेमात पडले. बोलणार कशी? आईने ओळखावं म्हणून जीव टांगणीला लागलेल्या माणसाला आपलं काय सांगायचं?

अकराव्या दिवशी तो तिला घेऊन आला. पांढरे केस, पाठ मात्र ताठ. चित्रापुढे ती उभी राहिली. तो श्वास रोखून तिच्या बाजूला.

"मी," ती म्हणाली. "सातवा अडथळा."

"विक्रमाची शर्यत ना, आई?" त्याने हळूच विचारलं.

"छे हो, रेघवाले. ही त्यानंतरची. शेवटची. पाचवी आले मी."

"पाय दुखत होता तेव्हा..."

"ते लोकांना सांगितलं." ती माझ्या कानाशी आली आणि गुपित सांगावं तशी, पण त्यालाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोलली, "बाळ होतं पोटात. कुणालाच सांगितलं नव्हतं. नाव आधीच दिलेलं, म्हणून धावले... पण जपून. लोक म्हणाले, संपली ही. म्हणोत! मला काय त्याचं?" तिने चित्रावर, पोटापाशी, अलगद बोट ठेवलं. रंग ओला होता. मी तिला अडवलं नाही.

त्याने हर्डलचा दांडा घट्ट धरला होता. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

"ते बाळ... आता मोठं झालं असेल?" मी कसंबसं विचारलं.

"झालं की! गुणाचा आहे हो माझा. फक्त वेळेवर जेवत नाही." तिने माझा हात धरला. "तुम्ही इथेच असता ना? बघाल जरा त्याच्याकडे?"

"बघेन," मी म्हणाले. त्याच्याकडे बघतच म्हणाले. "रोज बघेन, आई. कायम."

तिने समाधानाने मान हलवली. "चला रेघवाले, घरी सोडा मला."

तासाभराने तो एकटाच परत आला. दारातच थांबला.

"मघाशी म्हणालात ते... तिचं मन राखायला होतं का?"

मी ब्रश खाली ठेवला, खिडकीतला त्याचा डबा उचलला आणि त्याच्यासमोर धरला.

"तुझ्या आईला शब्द दिलाय मी. बस. जेव आधी."